‘नंबर किती आला?’

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका कारखान्यात लेथवर काम करणारा टर्नर. वय ४९. गेल्या फेब्रुवारीत मी पहिली ट्रायथलॉन पुरी केली. आधी ७५० मीटर पोहायचं, पाण्यातून बाहेर आलं की लगेच २० किलोमीटर सायकल, सायकल ठेवली की ५ किलोमीटर पळायचं. ह्या लहान अंतराच्या स्पर्धेला स्प्रिंट म्हणतात. मला १ तास ५० मिनिटं लागली. सोमवारी कामावर गेलो तर गेटवरच प्रश्न आला, “नंबर किती आला ओ?” म्हटलं, ९७वा. विचारणाऱ्याचा चेहरा पडला. मग म्हणाला, “मग मिळतंय काय त्यात?” किराणावाला, भावकी, गल्लीतली पोरं, सगळ्यांनी हेच दोन प्रश्न ह्याच क्रमानं विचारले. आपुलकीनंच विचारले, पण उभ्या उभ्या उत्तर देता आलं नाही. म्हणून हे पत्र.

सुरुवात सायकलीपासून झाली. मुलगा नोकरीसाठी पुण्याला गेला आणि त्याची गिअरची सायकल जिन्याखाली पडून राहिली. सुकलेलं बेअरिंग मला बघवत नाही, तो आमच्या धंद्याचा स्वभाव. एका रविवारी दोन्ही हब खोलले, छर्रे डिझेलमध्ये धुतले, नवं ग्रीस भरलं, कोन बेतानं आवळले आणि चाकाला बोटानं झोका दिला. चाक आवाज न करता कितीतरी वेळ फिरत राहिलं. आता चालवून तर बघावी म्हणून रंकाळ्याला एक फेरी मारली. दुसऱ्या दिवशी कळंब्यापर्यंत गेलो. दोन महिन्यांनी पन्हाळ्याला निघालो.

पन्हाळा आपल्यापासून २० किलोमीटरवर. गाडीनं शेकडो वेळा गेलो असेन, पण तो रस्ता मला सायकलवरनं पहिल्यांदा कळला. थंडीत पहाटे शिवाजी पुलावर आलं की खाली पंचगंगा दिसत नाही, नुसतं धुकं. वडणगे फाटा मागे पडला की कुठल्यातरी गुऱ्हाळाच्या काहिलीतल्या उकळत्या रसाचा वास येतो, आणि तो गाडीच्या काचेतनं येतो तसा एकदा येऊन जात नाही, अर्धा किलोमीटर सोबत चालतो. (हंगामात ह्याच रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या असतात. ट्रॉलीमालकांनी मागं रिफ्लेक्टर लावावेत, ही हात जोडून विनंती. अंधारात दहा फुटांवर आल्यावर ऊस दिसतो तेव्हा काळजात चर्र होतं.) वाघबीळला वळलं की खरा चढ. पहिल्या खेपेला तीनदा उतरलो. आता उतरत नाही. सगळ्यांत हलक्या गिअरवर, दातात दात न धरता, पायांच्या तालावर श्वास मोजत चढतो. ह्या चढावर डोक्यात दुसरं काहीच राहत नाही. घराचा हप्ता नाही, लेथवर बिघडून रिजेक्ट झालेला जॉब नाही. वर तटाशी उभं राहून राजगिऱ्याचा लाडू खाताना जी भूक लागलेली असते, तशी भूक मला शाळेत असताना लागायची.

पोहण्याचं मात्र पहिल्यापासून गिरवावं लागलं. वडिलांनी लहानपणी पाठीला पत्र्याचा डबा बांधून पंचगंगेच्या घाटावर मला पाण्यात सोडलं होतं. माझ्या वयाची कोल्हापुरातली बरीच मंडळी अशीच शिकली. पण ते पोहणं मुंडी वर काढून हात मारायचं. टँकवरच्या सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, तोंड पाण्यात घाला आणि श्वास पाण्यातच सोडा. ४७व्या वर्षी मी श्वास सोडायला शिकलो. हवा पुरत नाही असं वाटतं, पण आतली सोडलेलीच नसते, मग नवी मावणार कुठं! तीन आठवडे नाकातोंडात पाणी गेलं. मग एका सकाळी तिसऱ्या हाताला मान वळवली, अर्धं तोंड पाण्यात, अर्धं बाहेर, आणि हवा आपसूक आत आली. टँकच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंतची ती लेंग्थ संपूच नये असं वाटलं मला.

टँकच्या तळाला काळी पट्टी असते, तिच्यावर नजर ठेवली की सरळ जाता येतं. राजाराम तलावात पट्टी कुठली? त्या हिरव्या पाण्यात आपला हात कोपराच्या पुढं दिसत नाही. दर आठ-दहा हातांनी डोळे पाण्याबाहेर काढायचे, समोरचं झाड हेरायचं, पुन्हा तोंड आत. पहिल्यांदा मध्यावर पोचलो आणि छाती धडधडायला लागली. कमरेला केशरी फुगा बांधलेला होता, सोबत चौघे होते (एकटा मी कधीच उतरत नाही), तरी हातपाय गारठले. त्यांनी आधीच बजावलं होतं, घाबरलास तर उताणा हो. झालो. वर दोन घारी फिरत होत्या. कान पाण्यात, त्यामुळं आपलाच श्वास तेवढा ऐकू येत होता, आधी भराभर, मग सावकाश. तो सावकाश झालेला ऐकला, पालथा झालो आणि पलीकडचा काठ गाठला.

पळण्याबद्दल फार सांगत नाही, ते मला अजून जड जातं. सायकलवरनं उतरून पळायला लागलं की पहिला किलोमीटर पाय आपले नसतातच. त्याचाही सराव करावा लागतो, सायकल झाली की लगेच पळायचं. त्याला ब्रिक म्हणतात, म्हणजे वीट, आणि पाय विटेसारखेच होतात.

आता नंबराचं. कोल्हापूरला खेळ कळतो, ह्याचा मला अभिमान आहे. कुस्तीचं खासबाग मैदान आपलं, जलतरणपटू वीरधवल खाडे आपला, २०२४ला पॅरिसहून नेमबाजीचं ऑलिंपिक पदक आणणारा स्वप्नील कुसळे आपला. पण म्हणूनच आपल्याकडं खेळ म्हटलं की गदा, नाहीतर पदक, आणि बाकीच्यांनी कठड्यावर बसून शिट्ट्या मारायच्या, असं होऊन बसलंय. पूर्वी असं नव्हतं. माझे वडील पेठेतल्या तालमीत पहाटे चारला जायचे. आखाडा उकरायचे, जोर-बैठका मारायचे, कुणाशीतरी झोंबून अंगाला माती लावून घरी यायचे. त्यांनी आयुष्यात मैदानात एकही कुस्ती धरली नाही. त्यांना कुणी विचारलं नाही की नंबर किती. पेठेतला पोरगा तालमीला जायचाच, अंग राखायला आणि चार जणांत राहायला.

आणि हा ट्रायथलॉनचा खेळ तरी कुणी काढला? १९७४च्या सप्टेंबरात अमेरिकेतल्या सॅन डिएगो गावी धावण्याच्या एका क्लबातल्या मंडळींनी, रोजच्या ट्रॅकला काहीतरी बदल म्हणून. ४६ जण जमले होते. ऑलिंपिकमध्ये तो पोचला २०००ला, सिडनीत. आधी हौस, मग पदक.

स्पर्धेत मी काय जिंकलो म्हणाल, तर एक गोष्ट सांगतो. पाण्यातून निघून सायकलीपाशी आलो तेव्हा बोटं बधिर होती आणि हेल्मेटचा क्लिप लागेना. तो लागल्याशिवाय सायकल स्टँडवरनं काढायची नाही असा कडक नियम. शेजारच्या जागेवर साठीच्या एक बाई होत्या, माझ्याआधी पाण्यातून आलेल्या. स्वतःचे बूट चढवता चढवता म्हणाल्या, “सावकाश, हात पुसा आधी.” हात पुसले, क्लिप लागला. त्या पुढं निघून गेल्या, मला शेवटपर्यंत सापडल्या नाहीत. त्यांचा नंबर कितवा आला, मी बघितलाही नाही.

संध्याकाळी घरी आलो. मंडळी म्हणाली, “दमलासा?” आणि चहा ठेवायला आत गेली. वडील खाटेवर बसले होते. आता ८१ वर्षांचे आहेत, गुडघे धरलेत, तालीम सुटून जमाना झाला. मला वाटलं, हेही आता नंबर विचारणार. त्यांनी विचारलं, “पाणी गार होतं काय रं?”

म्हटलं, वर कोमट होतं, पण पाय खाली गेले की गारठा.

“पंचगंगेचं बी तसंच,” म्हणाले, आणि सरकून मला खाटेवर जागा केली.

आपला,
एक वाचक, कोल्हापूर