अल-झहरावी स्टोअरकीपर नव्हता, सर्जन होता

मा. संपादक,
स.न.वि.वि.

परवाच्या रविवार पुरवणीत शस्त्रक्रियेच्या इतिहासावर पानभर लेख आलाय तो मी दोनदा वाचला आणि दुसऱ्यांदा वाचल्यावर जास्त राग आला म्हणून हे पत्र. सुश्रुतापासून सुरुवात केली हे छानच झालं, मग ग्रीक, मग रोमन, आणि तिथून एकदम सोळाव्या शतकातल्या फ्रान्समधे उडी. मधल्या सगळ्या शतकांना एक वाक्य. काय, तर या काळात अरबांनी ग्रीकांचं ज्ञान सांभाळून ठेवलं. आणि पानाच्या मधोमध पागोटं आणि दाढीवाल्या माणसाचं रंगीत चित्र, खाली नाव अल-झहरावी, म्हणजे हजार वर्षांपूर्वीचा, अरबीत लिहिणारा स्पेनमधला सर्जन. लेखात त्याचं नाव एकदाही नाही! चित्र लावायला माणूस चालला, त्याने काय केलं ते दोन ओळीत सांगायला जागा नव्हती का?

मी एकतीस वर्षं ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमधे, सिस्टर म्हणून काढली. स्टोअरमधे सामान सांभाळणारा वेगळा असतो आणि टेबलाशी उभा राहून रक्तात हात घालणारा वेगळा असतो. दोघांशिवाय हॉस्पिटल चालत नाही हे मला कुणी सांगायला नको, पण म्हणून टेबलाशी उभ्या राहिलेल्या माणसाला स्टोअरकीपर म्हणायचं हे चूक आहे, आणि मला ते का एवढं लागलं ते सांगते.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट, संक्रांतीचा आदला दिवस, संध्याकाळची ड्युटी. विशीतला एक पोरगा आणला, बाईकवरून येताना गळ्याला मांजा बसलेला. कुणीतरी पंचा गुंडाळला होता. पंचा सोडवला तर रक्त आम्हाला वाटलं तेवढं नव्हतं, पण दर श्वासाला जखमेतून बुडबुडे येत होते आणि एक घरघर, ती मी अजून विसरले नाही. पोरगा काहीतरी सांगायला बघत होता, ओठ हलत होते आणि शब्दच फुटेना, कारण हवा वरपर्यंत पोचतच नव्हती, खालीच गळ्यातून निघून जात होती. बाहेर त्याची आई. आमच्या सरांनी बघितलं आणि म्हणाले, मोठ्या रक्तवाहिन्या वाचल्यात, नुसती श्वासनळी कापली गेलीय, सिस्टर ट्रे लावा. भूलवाल्या मॅडमनी आधी त्या जखमेतूनच नळी आत घातली आणि श्वास सुरळीत केला, मग सरांनी श्वासनळीला एकेक टाका घेतला. माझा हात कापत नव्हता पण घसा कोरडा पडला होता. पोरगा वाचला. आवाज बसला होता, काही आठवड्यांनी तोही सुटला, पेढे घेऊन आला तेव्हा स्पष्ट बोलत होता.

रिटायर झाल्यावर माझ्या भाच्याने मला अल-झहरावीच्या ग्रंथातल्या शस्त्रक्रियेच्या भागाचं इंग्रजी भाषांतर आणून दिलं, लंडनला 1973 साली छापलेलं. डिक्शनरी घेऊन रोज दोन-दोन पानं वाचायचे. श्वासनळी उघडण्याचं प्रकरण आलं आणि मी उठून उभीच राहिले. तो लिहितो की एका दासीने सुरी घेऊन स्वतःच्या गळ्यावर चालवली आणि मला बोलावणं आलं. मी गेलो तर ती कापलेल्या जनावरासारखी घरघरत होती, जखम पाहिली तर रक्त थोडंच होतं, मोठ्या रक्तवाहिन्या शाबूत होत्या, पण जखमेतून हवा बाहेर येत होती. मी घाईने टाके घातले, उपचार केले, ती बरी झाली, फक्त आवाज घोगरा झाला होता, तोही काही दिवसांनी पूर्ववत झाला. अहो, हे तर आमच्याच ओटीतलं! हजार वर्षांपूर्वी, स्पेनमधल्या कॉर्डोबाजवळ, भूल नाही, सलाईन नाही, आणि तो माणूस तेच बघत होता जे आमचे सर बघत होते.

आता माझा मुद्दा बघा. त्याच प्रकरणात तो म्हणतो की जुन्या लोकांनी श्वासनळी उघडण्याचं ऑपरेशन लिहून ठेवलंय, पण आमच्या देशात ते कुणी केलेलं मला माहीत नाही. आणि मग ही दासीची केस सांगून स्वतःचा निष्कर्ष काढतो की श्वासनळीला चिरा दिला म्हणून माणूस मरत नाही, त्यात तेवढा धोका नाही. म्हणजे पुस्तकात होतं, करायची हिंमत कुणाची नव्हती, याने डोळ्याने बघितलं, हाताने शिवलं आणि पुढच्यांसाठी लिहिलं की घाबरू नका. याला सांभाळून ठेवणं म्हणतात का?

आणि हा नुसता एक प्रसंग नाही. ग्रंथाचं नाव किताब अल-तस्रीफ, तीस भाग, शेवटचा तिसावा सगळा शस्त्रक्रियेचा, इ.स. 1000 च्या आसपास पुरा झाला. सुमारे दोनशे हत्यारांची चित्रं त्यात काढलीयत, कुठलं कुठे वापरायचं, कसं धरायचं. गळू फोडताना पेशंट घाबरू नये म्हणून पातं आत लपवलेली सुरी आहे. दातांवरचं कीट खरवडायला चौदा वेगवेगळ्या खरवडण्या आहेत, हलणारे दात सोन्याच्या तारेने बांधायची पद्धत चित्रासकट. ज्याला पुढच्या पिढीला काम शिकवायचंय तोच माणूस हत्यारांची चित्रं काढत बसतो. आम्ही नव्या पोरींना शिकवायचो तेव्हा पहिला महिना नुसती हत्यारं ओळखायला लावायचो, नाव आणि काम, नाव आणि काम, तेच हे.

कॅटगटचं पण सांगते कारण ते माझ्या हातातलं आहे. आम्ही लागलो तेव्हा कॅटगट बंद काचेच्या नळीत यायचं, फडक्यात धरून नळी फोडायची आणि दोरा सुईत ओवायचा. मेंढीच्या आतड्याचा दोरा, शरीरात आपोआप विरघळतो. आतड्याच्या जखमा शिवायला जनावराच्या आतड्यापासून काढलेला बारीक धागा वापरता येतो हे झहरावीने लिहिलंय. आणि त्याच ठिकाणी मोठ्या डोक्याच्या मुंग्या जखमेच्या कडांना चाववून मग धड कापून टाकायची पद्धत पण दिलीय. मुंग्यांची हीच युक्ती आपल्या सुश्रुतसंहितेत आहे! सुश्रुताचं अरबी भाषांतर बगदादला खलिफाच्या बर्मकी घराण्यातल्या वजिराच्या काळात मनका नावाच्या भारतीय वैद्याने केलं होतं, झहरावीच्या ग्रंथाच्या सुमारे दोनशे वर्षं आधी. मुंगी कुठल्या वाटेने स्पेनला पोचली ते मी सांगू शकत नाही, पण सुश्रुत आणि झहरावी हे एकमेकांच्या विरुद्ध उभे केलेले दोन पहिलवान नाहीत एवढं तर त्यावरून कळतं.

हे मी का म्हणते, तर तीन वर्षांपूर्वी एका नर्सिंग कॉलेजात परिचारिका दिनाला मला बोलायला बोलावलं होतं, वीस मिनिटं. मी दासीची केस आणि आमच्या पोराची केस शेजारी शेजारी ठेवून सांगणार होते, भाच्याने हत्यारांच्या चित्रांच्या स्लाईड करून दिल्या होत्या. आदल्या दिवशी फोन, की मॅडम ते जरा राहू द्या, आपल्या सुश्रुतावर बोला. मी म्हटलं सुश्रुत पण आहे त्यात, मुंग्या आहेत, बगदादचं भाषांतर आहे. तर म्हणाले नको, उगाच कुणीतरी काहीतरी बोलेल. मी हात धुण्यावर बोलले आणि रिक्षा करून घरी आले. त्या दिवशी मी ठामपणे नाही म्हणायला पाहिजे होतं, ते मला अजून सलतं. समोर दीडशे पोरी बसल्या होत्या ज्यांना पुढे आयुष्यभर हीच हत्यारं हातात धरायचीयत.

उलट्या बाजूचेही मेसेज मला येतात, की सगळी शस्त्रक्रिया झहरावीनेच शोधली, दोनशेच्या दोनशे हत्यारं त्याचीच. तेही खरं नाही. ग्रीक पुस्तकांतून, विशेषतः सातव्या शतकातल्या पॉल ऑफ एजिना या ग्रीक वैद्याकडून त्याने पुष्कळ घेतलंय. आणि शस्त्रक्रियेच्या त्या तिसाव्या भागातलं पहिलं सगळं प्रकरण डागण्या देण्याचं आहे, डोकेदुखीपासून कशाकशाला तापलेली लोखंडं, ते वाचताना अंगावर काटा येतो. पण तो माणूस खोटं बोलत नाही. सुरुवातीलाच सांगतो की शरीररचना शिकल्याशिवाय हातात हत्यार घेतलंत तर माणसं माराल. आणि लगेच उदाहरणं देतो, एका अडाणी वैद्याने बाईच्या मानेवरची गाठ कापताना रक्तवाहिनी कापली आणि ती तिथेच त्याच्यासमोर गेली. वाचणाऱ्याला तो "माझ्या मुलांनो" म्हणतो. रक्तस्रावाच्या आजाराचं पण, की एका गावातल्या पुरुषांना जखम झाली की रक्त थांबतच नाही, मरेपर्यंत वाहतं, एका मुलाची तर हिरडी चोळली तेवढ्याने तो गेला. आज आपण त्याला हिमोफिलिया म्हणतो. त्याने कारण सापडलं असं सांगितलं नाही, जे बघितलं-ऐकलं ते लिहिलं.

बाराव्या शतकात स्पेनमधल्या टोलेडोला जेरार्ड ऑफ क्रेमोना या इटालियन भाषांतरकाराने शस्त्रक्रियेच्या भागाचं लॅटिन केलं आणि पुढे कित्येक पिढ्या युरोपातले सर्जन त्यावरच शिकले, 1497 साली व्हेनिसला ते छापूनही निघालं. तुमच्या लेखात ज्या युरोपियन लोकांची नावं आहेत त्यांच्या गुरूंच्या गुरूंच्या टेबलावर हे पुस्तक होतं. तेव्हा वाक्य उलट करा, युरोपने झहरावीला सांभाळून ठेवलं म्हणा, ते जास्त खरं होईल.

आता त्या चित्राबद्दल. झहरावीचं त्याच्या काळातलं एकही चित्र उपलब्ध नाही, तुम्ही छापलेला चेहरा कुणीतरी शेकडो वर्षांनी मनाने काढलेला आहे. त्याची हत्यारांची चित्रं मात्र हस्तलिखितांत आहेत, एक प्रत तर आपल्याच देशात पाटण्याच्या खुदाबक्ष लायब्ररीत आहे. पुढच्या रविवारी तो चेहरा काढून एक पान हत्यारांचं छापा आणि खाली नावं मराठीत द्या. नावं लावायला मदत लागली तर मी करीन, पैसे नकोत. आणि हे पत्र लांबलंय म्हणून कापाल तर कापा, पण दासीची केस कापू नका.

आपली,
एक निवृत्त ओटी सिस्टर, सातारा

ता.क. नायलॉन मांजावर 2017 पासून देशभर बंदी आहे. आमच्या गल्लीच्या तोंडाशी डिसेंबरपासून उघड विकला जातो, फिरकीसकट, शाळेतली पोरं घेतात. तुमच्याकडे दरवर्षी बातमी येते ती कुणाचा तरी गळा कापल्यानंतरच, आतल्या पानावर चार ओळींची. या वेळी ती डिसेंबरातच छापा, पहिल्या पानावर. सगळ्यांच्या रक्तवाहिन्या वाचत नाहीत.