जुना लॉज, नवे फ्लॅट

महोदय,

कोल्हापूरच्या पूरपट्ट्यातला जुना लॉज फ्लॅट करून विकायला काढला की गिऱ्हाईक नवी फरशी आणि गॅलरीतून दिसणारी पंचगंगा पाहते. पाहायला हवे न्हाणीखालचे स्लॅब आणि मागचे डक्ट, म्हणजे पाइपांसाठी सोडलेली उभी पोकळी.

मुंबईच्या काळा घोड्याजवळचे वॉटसन हॉटेल आठवा. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंची चलतचित्रे देशात प्रथम तिथे दाखवली गेली. हॉटेल बंद पडल्यावर खोल्यांची वाटणी होऊन घरे, कचेऱ्या झाल्या आणि सामायिक भागांना वाली उरला नाही. २००५ साली बाल्कन्यांचा भाग कोसळून एक जण दगावला, २०१९ साली इमारत रिकामी करावी लागली. ओतीव लोखंडाचा सांगाडा होता तरी!

लॉजमध्ये दोन खोल्यांच्या न्हाण्या पाठीला पाठ लावून, एकाच डक्टवर असतात. खोल्या जोडल्या की एका न्हाणीचे स्वयंपाकघर होते, पण खोलगट स्लॅबमधला जुना विटांचा भराव तसाच राहतो. तो पाणी धरतो, सळई गंजते, खालच्या घरात छताचे पोपडे पडतात. भराव पूर्ण काढून वॉटरप्रूफिंग करावे आणि ४८ तास पाणी साठवून बघावे. सिंकला स्वतंत्र पाइप हवाच. न्हाणीच्या पाइपात तेलकट पाणी गेले की तो तुंबतो.

पोटभिंतींचेही तसेच. साडेचार इंची विटांची, दहा फूट उंच, गिलावा केलेली भिंत दर फुटाला सुमारे अडीचशे किलो भार टाकते. खाली तुळई नसेल तर हलके ब्लॉकच वापरावेत, तेही स्ट्रक्चरल ऑडिटनंतर.

पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर मोजतात: ३९ फूट इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी. २०१९ आणि २०२१ साली पाणी ५५ फुटांच्या वर गेले. अशा वेळी पाणी दारातून येण्याआधी तळमजल्याच्या न्हाणीच्या जाळीतून वर येते. ड्रेनेजच्या शेवटच्या चेंबरला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी उलटे येऊ न देणारी झडप) बसवून दर मे महिन्यात तो साफ करावा. झडपेत कचरा अडकला तर ती मिटतच नाही. वीजमीटर पहिल्या मजल्यावर न्यावेत.

निळ्या पूररेषेच्या आत, म्हणजे बांधकामावर निर्बंध असलेल्या नदीकाठच्या पट्ट्यात, इमारत आहे का, वापरबदलाची परवानगी आणि नवा भोगवटा दाखला आहे का, हे तपासावे. घरफाळ्याची पावती म्हणजे परवानगी नव्हे. करारासोबत ड्रेनेजचा नकाशा घ्यावा आणि डक्टची किल्ली कोणाकडे राहणार, तेही त्यात लिहून घ्यावे.

– एक स्थापत्य अभियंता, कोल्हापूर