ऑपरेशननंतर पाच वर्षांनी पेशंटचं काय झालं, याची नोंद ठेवा

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,
सप्रेम नमस्कार.

यकृताच्या कर्करोगाचं ऑपरेशन झालं की नातेवाईक डॉक्टरांना गाठून विचारतात, "आता किती वर्षं?" भावाच्या वेळी आम्हीही विचारलं. गाठ काढली तरी पाच वर्षांत दहापैकी सात जणांपर्यंत रोग उलटतो, असं उत्तर मिळालं. मी संख्याशास्त्र शिकवत असे, म्हणून पुढे विचारलं, हे दहा जण कुठले? बहुतेक चीन, जपान, कोरियातले.

अंदाज कशावर बांधतात हे गुपित नाही. गाठी किती, केवढ्या, सूक्ष्मदर्शकाखाली बारीक रक्तवाहिन्यांत पेशी शिरलेल्या दिसतात का, रक्तातलं एएफपी (या कर्करोगात बहुधा वाढणारं एक प्रथिन) किती, आणि उरलेलं यकृत कितपत धड आहे. पहिल्या दोन वर्षांत उलटलेला रोग बहुधा जुन्याच गाठीतून आलेला असतो. नंतरचा पुष्कळदा त्याच आजारी यकृतात नव्याने झालेला. म्हणून दोन वर्षं निर्धोक काढलेल्या माणसाला ऑपरेशनच्या दिवशीचाच आकडा ऐकवणं चूक आहे. त्याची शक्यता तोवर सुधारलेली असते. (हे पेशंटला क्वचितच कोणी सांगतं.)

चीनमध्ये या रोगामागे मुख्यतः हिपॅटायटिस बी, जपानमध्ये दीर्घकाळ सी. आपल्याकडे बी, सी, दारू आणि मधुमेहासोबतचं फॅटी लिव्हर, अशी सरमिसळ. अंदाज बांधायची तिकडची सूत्रं इथल्या पेशंटांवर पडताळल्याशिवाय कशी वापरायची? आणि पडताळायचं तर ऑपरेशननंतर पाच वर्षांनी माणूस हयात आहे का, एवढं तरी कळायला हवं.

खरी गळती इथेच आहे. नंदुरबार किंवा गडचिरोलीचा मजूर दर तीन महिन्यांनी मुंबईला कसा येणार? रोजगार बुडतो, गाडीभाडं वेगळंच. मग फाइलवर शेरा पडतो, "फॉलोअपला आला नाही". न येणाऱ्यांतले काही खालावलेले, काही दगावलेलेही असतात. त्यांना गाळून काढलेला आकडा दिसायला छान, पण फसवा.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत मंजुरी आणि बिलं येतात. मृत्यूची नोंद ग्रामपंचायतीत, नगरपालिकेत होते. मुंबईत कर्करोग नोंदणी १९६३ पासून आहे, बार्शीत १९८७ पासून. ही दप्तरं जोडा; संशोधकांना देताना नावं काढून द्या. एएफपी आणि सोनोग्राफी जिल्हा रुग्णालयात होऊ द्या, सीटीसाठी मोठ्या रुग्णालयात जावं लागलं तर प्रवासखर्च द्या. हिपॅटायटिस बी असलेल्यांची औषधं ऑपरेशननंतर बंद पडत नाहीत ना, हेही तिथेच पाहता येईल. ती रोग उलटण्याचा धोका कमी करतात, आणि २०१८ पासूनच्या राष्ट्रीय हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात मोफत आहेत.

शिवाय योजनेतल्या रुग्णालयांना एक अट घाला : यकृताचं ऑपरेशन झालेल्या प्रत्येकाच्या घरी पाच वर्षं, दर सहा महिन्यांनी एक फोन, आणि उत्तराची नोंद. यंदाच्या अर्थसंकल्पात याला किती पैसे ठेवणार, ते कळवावं.

आपली,
एका पेशंटची बहीण