ओवीला परीक्षक कशाला?

संपादक महोदय,

गेल्या महिन्यात आमच्या भागात लोकगीतांची स्पर्धा झाली. शेजारच्या वाडीतल्या, ऐंशी ओलांडलेल्या एक आजी नातीला घेऊन आल्या होत्या. जात्यावरच्या ओव्या त्यांना किती येतात, हे त्यांनाही सांगता येणार नाही. पण नाव आधी नोंदवलेलं नव्हतं आणि साथीला कुणी नव्हतं. 'पुढच्या वर्षी या' असं त्यांना सांगण्यात आलं. आजी शेवटच्या रांगेत दोन तास बसल्या, टाळ्या वाजवल्या आणि न गाता एसटीने परत गेल्या. मी तिथेच होते आणि काही बोलले नाही, याची मला अजून रुखरुख आहे.

रुखरुख जास्त वाटते, कारण दुसऱ्यांच्या देशात मला याच्या अगदी उलट वागणूक मिळाली. गेल्या वर्षी मी इंग्लंडमध्ये लीड्सला मुलाकडे चार महिने होते. शेजारच्या बाई एका संध्याकाळी मला त्यांच्या 'फोक क्लब'ला, म्हणजे लोकगीतांच्या मंडळाला, घेऊन गेल्या. क्लब म्हणजे काय, तर पबच्या माडीवरची एक खोली आणि पंचवीसेक खुर्च्या. माईक नाही, स्टेज नाही. पब म्हटल्यावर मी दारातच घुटमळले. पण माझ्या हातात लिंबाचं सरबत आहे की आणखी काही, हे कुणी पाहिलंही नाही. दाराशी वही घेऊन बसलेल्या गृहस्थांनी एवढंच विचारलं, 'गाणार, की ऐकणार?' दोन्हीला सारखाच मान होता.

त्या रात्री 'सिंगअराउंड' होतं. म्हणजे गोल बसायचं आणि पाळी आली की गायचं, नाहीतर 'पुढे' म्हणायचं. एक निवृत्त बसचालक खलाशांचं लांबलचक गाणं गात होते. तिसऱ्या कडव्यात शब्द अडला. क्षणभर शांतता झाली आणि मग कोपऱ्यातल्या एका मुलीने हळूच पुढची ओळ दिली. ध्रुवपद आलं तेव्हा सगळी खोली आपापल्या पट्टीत गाऊ लागली. मला आमच्या एकादशीच्या भजनाची आठवण झाली. तिथेही कुणी चुकलं तर टाळकरी सावरून घेतातच.

माझी पाळी आली. आजी पहाटे दळायची तेव्हाच्या चार ओव्या मी म्हटल्या: माहेरच्या वाटेच्या, भावाच्या, विठ्ठलाच्या. साठ वर्षांत चारचौघांत कधी म्हटल्या नव्हत्या. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी नंतर विचारलं, 'ओळ संपल्यावर तुम्ही मध्येच थांबत होता, ते का?' मी सांगितलं, तेवढ्यात जात्याच्या तोंडात मूठभर दाणे घालायचे असतात. त्यांनी मला त्याच ओव्या पुन्हा म्हणायला लावल्या आणि माझ्या थांबण्याबरोबर स्वतःची मूठ उघडून पाहिली. भाषेचा एक शब्दही न कळता त्या माणसाला जातं दिसलं होतं.

असे क्लब तिकडे १९५० आणि १९६० च्या दशकांत गावोगाव निघाले. लीड्सच्या शेजारी ब्रॅडफर्डमध्ये 'टॉपिक' नावाचा क्लब १९५६ मध्ये सुरू झाला. त्याच्याही आधी, १९०३ मध्ये, सेसिल शार्प या संगीतशिक्षकांना इंग्लंडच्या सॉमरसेट परगण्यातल्या एका माळ्याचं गाणं ऐकू आलं आणि ते गाणी टिपत खेडोपाडी फिरू लागले. आपल्याकडेही असं काम झालं आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या हजाराहून अधिक गावांतून लाखाच्या वर ओव्या गोळा केल्या. त्या कामापुढे मी हात जोडते. पण ओव्या जपल्या, तरी त्या म्हणणाऱ्या बायकांनी आता बसायचं कुठे? भजनी मंडळाला देऊळ आहे. ओवीची जागा जात्यापाशी होती आणि जातं तर माळ्यावर गेलं.

म्हणून सार्वजनिक ग्रंथालयांना माझी विनंती आहे. महिन्यातून एक संध्याकाळ, दोन तास, आपली खोली द्या. ओवी, भारूड, गवळण, पोवाडा, ज्याला जे येतं ते त्याने म्हणावं. नोंदणी नको, क्रमांक नको, प्रमाणपत्र नको, पाहुण्यांची भाषणं तर नकोतच. एखाद्या महिन्यात वासुदेवाला किंवा गोंधळ्याला मानधन देऊन बोलवावं. तिकडे दारावर दोन-तीन पौंड घेतात, सोडत काढतात आणि त्यातून पाहुण्या गायकाचं भागवतात. आपल्याला वीस-वीस रुपये जमवणं जड नाही.

सतरंज्या मी आणते, दारात वही घेऊनही मीच बसते. मागच्या रविवारी त्या आजींच्या घरी जाऊन आले. वाल सोलता सोलता त्यांनी अकरा ओव्या म्हटल्या. संध्याकाळी सहाच्या आत परतीची एसटी मिळणार असेल, तर यायला त्या तयार आहेत.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका,
भोर, जि. पुणे