हुरड्याला ये, पण आधी आवणीला ये

पुणे,
२४ मे

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र परवा आलं आणि वाचल्यापासून डोक्यात तेच चाललंय. डिसेंबरच्या सुट्टीत मुलांना घेऊन येतोयस, एक दिवस हुरड्याला एखाद्या चांगल्या शेतावर जाऊ, जागा सुचव, एवढंच तू विचारलंस. जागा मी सांगतोच. पण एका दिवसाचं तुझं गणित मला मोडायचंय. हुरड्याला जरूर ये, पण त्याआधी जुलैत आवणीला, म्हणजे भाताच्या लावणीला ये. जमलं तर मार्चमध्ये द्राक्षांना ये. आणि जागा दर वेळी बदलू नकोस.

गेली पाच वर्षं आम्ही जुन्नर तालुक्यातल्या दोनच घरी जातोय. एक घर नारायणगावच्या बाजूला, द्राक्षं आणि उसाचं. दुसरं पश्चिमेला, नाणेघाटाकडे, भातखाचरांचं. पुण्याहून नारायणगाव ७५ किलोमीटरच्या आसपास, म्हणजे पहाटे निघालं की न्याहारीला पोचतो. हा तालुका मला यासाठीच आवडतो की एका दिवसात पाऊस बदललेला दिसतो. घाटाकडे जुलैत समोरचं माणूस दिसत नाही आणि पूर्वेच्या गावांत त्याच दिवशी लोक आभाळाकडे बघत असतात. मग पश्चिमेला भात, मध्ये धरणांच्या पाण्यावर द्राक्षं, ऊस, टोमॅटो, आणि पूर्वेला ज्वारी-बाजरी. थोरलीला भूगोलाच्या पुस्तकातला पर्जन्यछायेचा प्रदेश गाडीच्या खिडकीतून समजला.

सुरुवात मात्र आमचीही चुकलीच होती. या दोन घरांच्या आधी आम्ही एका वेगळ्याच ठिकाणी गेलो. तिथं घसरगुंडीचा तलाव होता, मोठ्यानं लावलेली गाणी होती, आणि एकच बैलगाडी सकाळपासून त्याच रिंगणात फिरत होती. दुपारी बैलाच्या तोंडाला फेस आला होता, तरी पुढची रांग तयार. शेत होतं, पण ते कुंपणापलीकडे. मुलांनी परतीच्या वाटेत एकही प्रश्न विचारला नाही. मला ते फार लागलं. तेव्हाच ठरवलं की जिथं घरची माणसं स्वतः शेत करतात आणि आपण आलो म्हणून त्यांचं काम थांबत नाही, अशाच घरी जायचं. राज्य सरकारनं २०२० साली कृषी पर्यटनाचं धोरण आणलं, जुन्नरला त्याआधी २०१८ मध्येच पर्यटन तालुका जाहीर केलं होतं, त्यामुळे अशी घरं आता पुष्कळ सापडतात. फोनवर एकच विचारायचं, "सध्या शेतात काय चाललंय?" ज्याला उत्तर द्यायला वेळ लागत नाही, त्याच्याकडे जायचं.

आता मे महिन्याचं सांगतो, कारण कालच जाऊन आलो. या दिवसांत द्राक्षबागेला कुणी पाहुणा फिरकत नाही. घड नाहीत, फोटो काढण्यासारखं काही नाही, ऊन मी म्हणतंय. पण बागेचं वर्ष इथंच ठरतं रे. एप्रिलमध्ये खरड छाटणी होते, जुनी काडी काढून टाकतात, नवी फूट येते. आणि या कोवळ्या काडीच्या डोळ्यात, आत, पुढच्या फेब्रुवारीतला घड आत्ता तयार होत असतो. डोळ्यांना काहीच दिसत नाही. ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी केली की त्या डोळ्यातून फूट येते आणि तेव्हा कळतं घड आहे की नुसतीच फूट. मला हे चाळीस वर्षं माहीत नव्हतं. आपण दोघं लहानपणी पेटीच्या पेटी द्राक्षं संपवायचो, आठवतं ना?

तीन वर्षांपूर्वी असंच मे महिन्यात गेलो असताना तिथल्या आजोबांनी थोरलीला लाल दोऱ्याचा तुकडा दिला आणि म्हणाले, "एका काडीला बांध, ती तुझी. बुडाशी बांध बरं का, शेंडा छाटणीत जाईल." तिनं बांधला. दिवाळीनंतर गेलो तेव्हा छाटलेल्या काडीवर दोरा होता आणि वर हिरव्या मोहरीएवढ्या मण्यांचा तुरा. डिसेंबरमध्ये विरळणी चालली होती. बायका बारीक कात्री घेऊन एकेका घडातले निम्मे-अधिक मणी काढून टाकत होत्या, उरलेल्यांना फुगायला जागा व्हावी म्हणून. धाकट्याला ते बघवेना, "एवढी का फेकता?" म्हणून तो रडकुंडीला आला. काकूंनी त्याला मांडीवर घेतलं, घड दोन बोटांत धरून आतली दाटी दाखवली आणि एक मणी त्याच्याकडूनच काढवला.

पुढे मार्चमध्ये आमचं रविवारचं ठरलं होतं आणि शुक्रवारी संध्याकाळी गारपीट झाली. मी फोन केला, आता येत नाही म्हणून. आजोबा म्हणाले, "या की. पोरीचा घड बघायला नको का?" गेलो. बागेत पाय ठेवला आणि आधी वास आला, आंबूस गोड. खाली काळ्या जम्बो द्राक्षांचा सडा, पायाखाली चिकट, त्यावर मधमाश्या. वेलावर राहिलेल्या मण्यांवर जिथं गार लागली तिथं नखानं दाबल्यासारखा तपकिरी डाग. दोऱ्याची काडी शाबूत होती, घड मात्र एका अंगानं पार फुटलेला. आजोबांनी तो कापला आणि काही न बोलता तिच्या ओंजळीत दिला. मग आम्हाला कात्र्या दिल्या. दुपारपर्यंत आम्ही चौघं घरच्या माणसांबरोबर बसून घडांतले फुटके मणी काढत होतो, एक फुटका राहिला तर शेजारचे दहा नासवतो म्हणून. गाडीत कुणी बोललं नाही. त्या दिवसापासून आमच्या घरात बाजारातल्या द्राक्षांची घासाघीस बंद झाली, मुलांनीच बंद केली.

आवणीबद्दल तुला किती लिहू! जुलैमध्ये, चांगला पाऊस धरला की खाचरात चिखलणी होते. बैल किंवा छोटं यंत्र फिरवून जमीन दुधासारखी करतात. पहिला पाय टाकलास की गार चिखल पोटरीपर्यंत चढतो आणि पाय बाहेर काढताना तो तुला धरून ठेवतो. मुलं आधी किंचाळतात, मग बाहेर यायला तयार होत नाहीत. रोपांची मूठ डाव्या हातात, उजव्या हाताच्या अंगठ्यानं तीन-चार काड्या चिखलात दाबायच्या, आणि मागे मागे सरकत जायचं. पुढे नाही, मागे, म्हणजे लावलेलं तुडवलं जात नाही. धाकट्यानं खोल दाबली ती रोपं तिथल्या आजींनी हळूच वर ओढून नीट केली, त्याच्या लक्षात येऊ न देता. तिथं बायकांच्या अंगावर आता प्लॅस्टिकचे कागद असतात, पण आजींकडे जुनं पानांचं इरलं अजून आहे, आणि ते डोक्यावर घेतलं की आत पावसाचा आवाज वेगळाच येतो. अर्ध्या तासात कंबर बोलायला लागते. त्या मात्र सकाळपासून वाकलेल्या असतात. दुपारी चुलीपुढे बसून नाचणीची गरम भाकरी आणि रानभाजी खाल्लीस की मला पुन्हा पत्र लिहिशील.

दिवाळीच्या आसपास त्याच खाचरात कापणी असते. ती पाहिली नाही तरी चालेल, पण मुलांना आपण लावलेली रांग शोधायची असते, म्हणून आम्ही जातो.

आणि आता तुझा हुरडा. तो जानेवारीतच खरा, डिसेंबरच्या अखेरीस येणार असलास तर शेवटच्या आठवड्यात ये. ज्वारीचं कणीस चिकातून पुढे गेलं आणि दाणा अजून टणक झाला नाही, एवढ्याच थोड्या दिवसांत हुरडा होतो. म्हणून पाहुणे घेणारे शेतकरी थोड्या थोड्या दिवसांच्या अंतरानं पेरतात. गुळभेंडी, म्हणजे हुरड्याची गोड ज्वारी मिळाली तर दुसरं काही मागू नकोस. जमिनीत आगटी करतात, गोवऱ्यांचे निखारे, त्यात कणसं खुपसून भाजतात आणि गरम असतानाच तळहातावर चोळतात. चोळणाऱ्याचे हात बघ. फुंकर मारून कोंडा उडाला की हिरवे वाफाळते दाणे थेट तुझ्या हातावर पडतात. लसणाची चटणी, गूळ, ताक. थांबलास तर गार होतो आणि गार हुरड्यात मजा नाही. तिथून जवळच गुऱ्हाळ चालू असेल तर काहिलीपाशी मुलांना लांब उभं कर. उकळता रस अंगावर उडाला तर फार भाजतं. गुळव्या काकवी द्यायला कधी नाही म्हणत नाही.

काही गोष्टी मात्र मनावर घे. जुन्नरच्या उसात बिबटे राहतात. तालुक्यात माणिकडोहला त्यांच्यासाठी निवारा केंद्रही आहे. दिवस कलला की मुलं अंगणात एकटी नकोत, उसाच्या कडेनं चालायचं नाही, आणि परसाकडे जायचं तर मोठं माणूस आणि बॅटरी बरोबर. घाबरून यायचं टाळू नकोस, तिथली मुलं याच शिस्तीत वाढतात. द्राक्ष वेलावरून तोडून तोंडात टाकायचं नाही, फवारणी कधी झाली ते आधी विचारायचं आणि धुऊनच खायचं. गोठ्यातून आलं की साबणानं हात. गवतात सँडल नको, बूट. आणि वहिनी आईंनाही आणणार असल्या तर कमोडची सोय आहे का ते मी विचारून ठेवतो. द्राक्षवाल्यांकडे आहे, भातवाल्यांकडे गेल्या वर्षीपर्यंत नव्हती.

थोरलीनं काल पुन्हा दोरा बांधला. या वेळी दोन बांधले. दुसरा कुणाचा म्हणून आजोबांनी विचारलं तर म्हणाली, तो बंगळूरच्या काकांच्या मुलांचा. त्यामुळे तुला न विचारताच तुझं एक काम ठरून गेलंय.

आवणीची तारीख कुणीच आधी सांगू शकत नाही. रोपं तयार झाली आणि पाऊस धरला की आजींच्या नातवाचा फोन येतो, "या आता", आणि मग दोन दिवसांत निघावं लागतं. जुलैचा दुसरा किंवा तिसरा आठवडा धर आणि रजेचा अर्ज तारीख न टाकता तयार ठेव. फोन आला की रात्रीच्या गाडीनं निघ, मी शिवाजीनगरला घ्यायला येतो. मुलांचे जुने कपडे आण, चिखलाचे डाग जात नाहीत.

आईंना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझाच,
जुना बाकसोबती