कुपकाची कागदावरची चित्रे

अमूर्त चित्रकलेवरच्या लेखांत कँडिन्स्की, मोंद्रियान हमखास येतात; चेक चित्रकार फ्रान्तिशेक कुपका मात्र राहून जातो, याचे वाईट वाटते. १९१२ मध्ये पॅरिसच्या वार्षिक शरद प्रदर्शनात त्याने ‘अमोर्फा’ मांडले, तेव्हा असे चित्र लोकांनी क्वचितच पाहिले होते. आणि त्याचे मूळ कुठे, तर बागेत चेंडू खेळणाऱ्या सावत्र मुलीच्या चित्रात! पुढे कागदावरच्या कितीतरी अभ्यासचित्रांत मुलगी विरत गेली, उरली ती चेंडूची लाल-निळी वळणे. जलरंगात तर कोरा कागदच उजेड होतो, एका रंगाखालून दुसरा दिसत राहतो. मोठ्या तैलचित्रांपेक्षा मला ही कागदावरचीच जवळची वाटतात. प्रागच्या काम्पा संग्रहालयात कुपकाचा मोठा संग्रह आहे. आपल्या रविवार पुरवणीत त्याची दोन-तीन चित्रे रंगीत छापावीत, ही विनंती.

– एक चित्रकला शिक्षक, सातारा