तो माधव कोण?

लीड्स,
८ मार्च

ती. सौ. आईस,
शि. सा. नमस्कार.

परवा फोनवर तू विचारलंस, "कादंबरीतला तो माधव कोण गं?" मी "कुणी नाही, कल्पनेतला आहे" म्हणाले आणि गॅसवर दूध आहे असं सांगून फोन ठेवला. गॅसवर काही नव्हतं. दोनशे चाळीस पानांचं बाड तू चार दिवसांत वाचून काढलंस, डोळ्यांत थेंब घालत घालत, आणि मी असं तोंडदेखलं उत्तर दिलं. ते मनाला लागून राहिलं. शिवाय फोनवर बाबा शेजारी असतात, आणि हे त्यांच्यासमोर बोलण्यासारखं नाही. का ते पुढे कळेल.

आधी तुझ्या मनात काय आहे ते मला ठाऊक आहे. माधव म्हणजे मामांचा बाळू, असं तुला वाटतंय. पिंपळगावचा मळा, चौतीस वर्षांचा मुलगा, आठ एकर द्राक्षबाग, कृषीची पदवी, आणि येणारं प्रत्येक स्थळ "मुलगा नोकरीला असता तर" म्हणून परत जातंय. बाळूला मी लिहिण्याआधीच विचारलं होतं. तो म्हणाला, "लिही की ताई, नाव तेवढं बदल." पण माधव बाळू नाही. बाळूचं ताटकळणं त्यात आहे, एवढंच.

ही गोष्ट सुरू कुठे झाली ते सांगते. तीन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत मी आले होते तेव्हा मुलीकडचे मामांकडे घर बघायला आले होते, आठवतं? तू आणि मामी आत पोहे परतत होतात, मी बाहेर बसले होते. मुलीचे वडील मामांना विचारत होते, शेतीशिवाय दुसरं काही उत्पन्न आहे का, नाशकात फ्लॅट आहे का. बाळू मान खाली घालून बसला होता. मध्ये ताटात सकाळीच तोडलेले घड ठेवले होते. कुणी हात लावला नाही. तेवढ्यात त्या मुलीने एक मणी तोडला, खाल्ला आणि बाळूकडे बघून द्राक्षाचं वाण विचारलं, "थॉमसन का?" बाळू म्हणाला, "नाही, क्लोन टू." तिने आणखी एक मणी तोडला. बस. आठ दिवसांनी त्यांच्याकडून नकार आला. पण त्या दोन मिनिटांत बाळूने वर बघितलं होतं, ते मी पाहिलं. सगळे त्याच्या जमिनीबद्दल, पैशाबद्दल, फ्लॅटबद्दल बोलत असताना एका माणसाने तो काय करतो ते विचारलं.

इथे परत आल्यावर महिन्याभराने दुकानात प्लास्टिकच्या डबीत हिरवी द्राक्षं दिसली, चिठ्ठीवर 'इंडिया'. मी डबी हातात घेऊन बराच वेळ तिथेच उभी राहिले. नोव्हेंबरात मामी आणि गावातल्या बायका कात्री घेऊन एकेका घडाची विरळणी करतात, मान वर करून, दिवसभर, ते डोळ्यांसमोर आलं. त्या रात्री मी पहिलं पान लिहिलं. तो मणी तोडणाऱ्या मुलीचं नाव केतकी ठेवलं, आणि तिला नकार द्यायला लावायचा नाही असं ठरवलं.

लिहिते कधी, असं तू विचारतेस. पहाटे पाच ते साडेसहा. तेव्हा तुमच्याकडे साडेदहा वाजलेले असतात, तुझा स्वयंपाक उरकत आलेला असतो, म्हणून तर मी मधेच फोन करून "बागेला पाणी देतात त्या नळीच्या तोंडाशी असतं त्याला काय म्हणतात" असलं काहीतरी विचारायचे. सात वाजता हॉस्पिटलच्या लॅबला जायला निघायचं. दिवसभर इथे मराठीचा एक शब्द कानावर पडत नाही, म्हणून संवाद मी मोठ्याने बोलून बघते. माधवने "काय करतेस?" म्हटलं की खोटं वाटायचं. "काय करू राहिली?" म्हटलं की तो समोर येऊन उभा राहायचा.

पहिला खर्डा सगळा घरच्या आठवणीने ओथंबलेला होता. रामकुंड, सावाना वाचनालय, मिसळ, रंगपंचमीला तिवंध्याच्या रहाडीतल्या, म्हणजे रंगाच्या हौदातल्या, उड्या, सगळं कोंबलं होतं. त्या दोघांना एकमेकांशी बोलायला जागाच नव्हती. मी मामांना फोनवर म्हटलं, फार वाढलंय. ते म्हणाले, "मग खरड छाटणी कर." एप्रिलमध्ये करतात तशी. मी एकशे तीस पानं काढून टाकली. रहाडीचं प्रकरण काढताना रडू आलं, कारण ते चांगलं उतरलं होतं. पण ते माझं होतं, केतकीचं नव्हतं.

त्याच फोनमध्ये मामांनी एक सांगितलं, ते मला आधी नीट माहीतच नव्हतं. आपण फेब्रुवारीत जो घड तोडतो तो काही ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर तयार होत नाही. तो एप्रिलच्या छाटणीनंतर चाळीस ते साठ दिवसांत, मे-जूनच्या उन्हात, काडीच्या डोळ्यात तयार होतो. बाहेरून काही दिसत नाही. सूक्ष्म घडनिर्मिती म्हणतात त्याला. ऑक्टोबरात फुटतं तेव्हा लोक म्हणतात घड आला. आई, मी फोन ठेवला आणि तशीच बसून राहिले. माझी अख्खी कादंबरी त्यात होती. म्हणून तर पहिल्या शंभर पानांत ती दोघं एकमेकांना काहीच म्हणत नाहीत. तुला ती पानं जरा लांबली असं वाटलं, पण मी ती कमी करणार नाही.

एका प्रकाशकाकडे बाड पाठवलं होतं. त्यांचं उत्तर मी तुला तेव्हा सांगितलं नाही. त्यांनी लिहिलं, लेखन चांगलं आहे, पण शेतकऱ्याची प्रेमकथा कोण वाचणार; कर्जबाजारीपणा, आत्महत्या असं काही घेतलं तर विचार करता येईल. ते पत्र वाचून माझे हात थरथरले. कर्ज खरं आहे, मामांचं तू जाणतेस. २०१० साली क्लोरमेक्वाट या वाढ रोखणाऱ्या औषधाच्या अंशामुळे आपली द्राक्षं युरोपात अडकली तेव्हा मामा किती दिवस जेवले नव्हते, तेही मी विसरले नाही. पण शेतकरी म्हणजे फक्त मरणारा माणूस, हे मला मान्य नाही. बाळू थंडीपासून वेली जपायला रात्री बागेत शेकोट्या पेटवतो तेव्हा मोबाइलवर जुनी गाणी लावतो. त्याला कुणीतरी आवडतं. त्याच्यावर कुणीतरी जीव टाकावा असं त्याला वाटतं. यावर एक पुस्तक असू नये?

आणि प्रेमकथा म्हणजे हलकं लेखन, हे तर मी तुझ्या बाजूला बसूनच ऐकलंय. तू जेलरोडहून बसने शालिमारला उतरून सावानात जायचीस आणि स्नेहलता दसनूरकर, कुसुम अभ्यंकर, योगिनी जोगळेकर यांची पुस्तकं आणायचीस. आत्या म्हणायची, "काय बायकी वाचतेस." तू पुस्तकाला वर्तमानपत्राचं कव्हर घालायचीस. १८४० पासूनचं ते वाचनालय अशा बायकांनीही जागतं ठेवलं आहे, पण समीक्षकांनी या लेखिकांना क्वचितच जवळ केलं. इथे निदान प्रणयकथा लिहिणाऱ्यांची १९६० पासून स्वतःची संघटना आहे, आणि आमच्या इथल्या लायब्ररीत बुधवारी संध्याकाळी लिहिणाऱ्यांची बैठक भरते, तिथे याला एक कसब म्हणून मान आहे. सत्तरीच्या एक बाई येतात, त्यांची वीसेक पुस्तकं आहेत. त्यांनी मला एकच गोष्ट शिकवली. वाचकाला पहिल्या पानावरच ठाऊक असतं की शेवट गोड होणार, मग लेखकाला लपवायला काही उरत नाही. ही दोघं आजच का एकत्र येत नाहीत, एवढ्या एका प्रश्नाचं उत्तर प्रत्येक पानावर खरं असावं लागतं. नुसता गैरसमज घातला तर वाचक चिडतो, दोघं पाच मिनिटं बोलली असती तर मिटलं असतं म्हणून.

म्हणून मी केतकीला रेसिड्यू लॅबमध्ये नोकरी दिली. युरोपात माल पाठवायचा तर नोंदणी केलेल्या प्लॉटवर लॅबची माणसं स्वतः येऊन नमुना घेतात, आणि औषधाचा अंश मर्यादेपेक्षा जास्त निघाला तर त्या प्लॉटचा माल जात नाही. फवारणीच्या ब्लोअरची टाकी कुणीतरी न धुता भरली आणि माधवचा नमुना नापास झाला. तो आकडा केतकीने आधी पाहिला. आता ती काय करेल? लपवेल तर ती माझी केतकी नाही, आणि नाही लपवणार तर त्याचं वर्ष गेलं. हे मला कुणाला विचारावं लागलं नाही. मी रोज लॅबमध्ये आकडे लिहिते. समोरच्या कागदावर ज्याचं नाव आहे त्याच्या घरी आज संध्याकाळी काय होईल ते ठाऊक असूनही जसाच्या तसा आकडा लिहावा लागतो. ते प्रकरण मी एका दमात लिहिलं.

अडले ते नंतर. माधवने तिला सांगायचं होतं. काय सांगेल तो? "माझं तुझ्यावर प्रेम आहे" हे वाक्य निफाड तालुक्यात कुणाच्या तोंडून मी ऐकलेलं नाही. अकरा वेळा लिहिलं, अकरा वेळा खोडलं. एकदा त्याला कविता म्हणायला लावली, एकदा रडायला लावलं. काही केल्या जमेना. दोन महिने पान तिथेच होतं.

मग गेल्या दिवाळीला मी घरी आले. पाडव्याच्या रात्री सगळे जेवून गेले, तू दमून झोपलीस, मी भांडी घासत होते. आपल्या ओट्याशी उभं राहिलं की माझी पाठ दुखते, दर वेळी दुखते. बाबा पाणी प्यायला आले तेव्हा मी कुरकुरले, "हा ओटा एवढा ठेंगणा का केलाय बिल्डरने? सगळ्या बिल्डिंगमध्ये असाच आहे का?" बाबांनी तांब्या खाली ठेवला. म्हणाले, "नाही. बाकीच्यांचा तीन इंच उंच आहे. मी गवंड्याला सांगून कमी करून घेतला." आणि दिवा मालवायला जाता जाता म्हणाले, "तो तुझ्या मापाचा नाही."

आई, प्रेसमधून ड्यूटी संपवून बाबा सायकलवर बांधकामावर जायचे, खिशात टेप घेऊन, ते मला आठवतं. आपण समजायचो सिमेंट मोजायला जातात. आधीच्या वाड्यातल्या ओट्यापाशी तू पाटावर उभी राहून पोळ्या लाटायचीस. नव्या घरात तो पाट लागला नाही, आणि का लागला नाही हे तू कधी विचारलं नाहीस, मीही नाही.

दुसऱ्या दिवशी मी तुझ्याच डायनिंग टेबलावर ते पान लिहिलं. तुला आवडलं म्हणालीस ते हेच. केतकी मळ्यात येते तेव्हा दर वेळी तिला गाडी वळवता येत नाही, शेवटच्या ओळीपाशी ती अडकते, माधव येऊन वळवून देतो. नमुना नापास झाल्यावर ती दोन महिने आली नाही. मग एका पहाटे येते. पारा चारवर उतरलेला, शेकोट्या धुमसतायत. ती गाडी घेऊन ओळीच्या टोकाला जाते आणि गाडी एका दमात वळते. उतरून बघते तर टोकाचा खांब मागे सरकवलेला, तारा नव्याने ताणलेल्या, आणि दोन वेली मुळापासून काढलेल्या. बारा वर्षांच्या, भरात आलेल्या वेली. माधव हात शेकत म्हणतो, "वळायला जागा केली." ती विचारते, "कधी?" तो म्हणतो, "रिपोर्ट आला त्या आठवड्यात."

तर माधव कोण, ते हे. बाबांना विचारू नकोस, ते नाही म्हणतील.

बाळूला सांग, दुसऱ्या प्रकाशकाने बाड ठेवून घेतलंय, आशा आहे. तुझ्या डोळ्याला डॉक्टर काय म्हणाले ते कळव, आणि थेंब वेळेवर घाल. इकडे थंडी आता उतरली आहे, बागेत पिवळी फुलं दिसायला लागलीत. गुढीपाडव्याला तुमच्या सकाळी फोन करते, गुढी उभारताना मोबाइल खिडकीत धरायला दादाला सांग.

बाबांना शि. सा. नमस्कार. दादा-वहिनीला नमस्कार, चिमणीला खूप पापे.

तुझी
थोरली

ता. क. पान एकशे एक्याण्णव बाबांना वाचून दाखव. कुणी लिहिलं, कशावरून लिहिलं ते काही सांगू नकोस. नुसतं वाच, आणि वाचताना ओट्यापाशी उभी राहा.